थोड्या साथीचे गाणे

गाणे म्हटले की आज आपल्यापुढे प्रथम उभा राहतो तो वाद्यांचा ताफा. लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो की महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो, आवाज जितका मोठा तितका कार्यक्रम रंगला, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. उत्सवाला मोठा आवाज शोभतो, याबद्दल वाद नाही. होळीच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवर डफाच्या तालावर लेंगी रंगते. ती अनेक कंठांनी मिळून म्हणायची असते; एकट्याने खोलीत बसून म्हटली तर तिच्यातला प्राणच निघून जाईल. परंतु गाण्याची आणखी एक जात आहे. ती एका माणसाने, अगदी थोड्या साथीवर, हळू आवाजात आणि जणू समोर एकच ऐकणारा बसला आहे अशा रीतीने म्हणायची असते. या दुसऱ्या जातीच्या गाण्याविषयी प्रस्तुत लेखात थोडा विचार करावयाचा आहे.

पाश्चात्त्य देशांत अशा गाण्यांचे स्वतंत्र संग्रह निघतात आणि त्यांना 'इंडी फोक' असे म्हणतात. 'इंडी' हे 'इंडिपेंडंट' या शब्दाचे लघुरूप. मोठ्या कंपनीच्या तंत्राबाहेर राहून, आपल्या मनाप्रमाणे आणि पुष्कळदा आपल्याच खर्चाने काढलेले, असा त्याचा अर्थ. 'फोक' म्हणजे लोकगीताच्या वळणाचे. यात गीत लिहिणारा, त्याला चाल लावणारा आणि गाणारा बहुधा एकच माणूस असतो. साथीला एखादे गिटार, क्वचित एखादा पियानो. आठ-दहा गाणी एकाच मनःस्थितीच्या धाग्यात ओवलेली असतात आणि ती एका बैठकीत, क्रमाने ऐकावीत अशी अपेक्षा असते. अशा गाण्यांच्या संग्रहालाच 'अल्बम' म्हणतात. एखाद्या कवीचा छोटा कवितासंग्रह जसा पहिल्या पानापासून वाचावा, तसाच हा प्रकार.

हे वर्णन वाचून कोणास वाटेल की ही सारी परदेशातील नवलाई आहे, आपला तिच्याशी काय संबंध? वस्तुस्थिती तशी नाही. या जातीच्या गाण्याची मुळे आपल्या घराघरांत होती, आणि मराठीत अशा गाण्याची जी ध्वनिमुद्रिका आरंभीची म्हणून ओळखली जाते, तिची कविता वाशीमच्या शेजारच्याच तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कवीची होती. परंतु त्या ध्वनिमुद्रिकेकडे जाण्यापूर्वी दोन पावले मागे गेले पाहिजे.

पहिले पाऊल जात्यापाशी. विजेची चक्की गावोगाव पोहोचण्यापूर्वी घरातली बाई पहाटे उठून जात्यावर बसत असे आणि दळता दळता ओवी म्हणत असे. त्या ओवीला साथ कशाची? जात्याच्या घरघरीची. खुंटा ओढताना हाताला जो झोका बसतो, तोच तिचा ताल. जाते एका लयीत फिरत राहते. ओवीची ओळ त्या फेऱ्यांत बसते, आणि शब्द सुचेपर्यंत नुसती घरघर चालू राहते. गाणारी, रचणारी आणि बहुतेक वेळा ऐकणारीही तीच. फार तर समोर बसून दळू लागणारी जाऊ किंवा नणंद. समाजशास्त्रज्ञ गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकापासून या ओव्या गावोगाव फिरून जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने २०१७ पासून त्या आवाजासह लोकांपुढे ठेवल्या आहेत. त्या ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. माहेरची ओढ, भावाची वाट, सासरचा जाच, दारू पिणारा नवरा, हे विषय ती बाई चारचौघांत उघडपणे बोलू शकत नव्हती. जात्याच्या आवाजाने जणू पडदा धरला होता, आणि त्या पडद्याआड तिला हे सारे बोलता येत होते. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) अशाच काम करता करता गाणी रचीत गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जवळच्या माणसांनी ती टिपून ठेवली म्हणून उरली, आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला थक्क व्हावे लागले.

दुसरे पाऊल खंजिरीपाशी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) हे आपल्या विदर्भाचेच. अमरावती जिल्ह्यातील यावली हे त्यांचे जन्मगाव आणि मोझरीचा गुरुकुंज ही त्यांची कर्मभूमी. त्यांनी भजने रचली आणि ती स्वतःच, खंजिरी वाजवीत म्हटली. खंजिरी हे केवढेसे वाद्य! एका हातात धरावे, दुसऱ्या हाताने वाजवावे. तिच्यावर सूर निघत नाही, केवळ ठेका निघतो. म्हणजे सुराचा सगळा भार कंठावर आणि अर्थाचा सगळा भार शब्दांवर. महाराजांच्या भजनापुढे हजारोंचा समुदाय बसत असे, त्यामुळे त्यांचे गाणे काही एकान्तातले नव्हे. परंतु स्वतः लिहावे, स्वतःच गावे आणि हाती एकच वाद्य असावे, हा संकेत वऱ्हाडातल्या माणसाला त्यांच्यामुळे पूर्ण परिचयाचा झाला. परदेशी गायकाच्या हाती गिटार पाहून आपल्याला जे नवे वाटते, त्याची आपली आवृत्ती ही अशी गावच्या पारावर होती.

आता प्रश्न असा की, जात्यावरचे एकान्तातले गाणे पारावर किंवा रंगभूमीवर का येऊ शकत नव्हते? याचे उत्तर शास्त्राकडे आहे. ध्वनिवर्धक नसताना जाहीर गाणे म्हणजे मोठ्याने गाणेच होते. नाटकगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचावा लागे. बालगंधर्वांसारख्यांनी त्या मर्यादेतही केवढा गोडवा निर्माण केला, हे खरे. परंतु कुजबुजीला तेथे जागा नव्हती. ध्वनिमुद्रणाचीही आरंभी हीच गत होती. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गेस्बर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांच्या आवाजाच्या तबकड्या काढल्या. त्या काळी गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. आवाजाच्या धक्क्यानेच सुई हलून मेणावर रेघ उमटत असे. धक्का कमी पडला की रेघ पुसट. साहजिकच दमदार आवाजाचे गायकच त्या यंत्राला मानवत.

१९२५ नंतर विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि चित्र पालटले. कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला. गायक त्याच्याजवळ उभा राहून बोलल्यासारखा गाऊ लागला, तरी तो श्वासासकट टिपला जाऊ लागला. श्रोत्याच्या बाजूनेही बदल झाला. तबकडी घरात वाजते. ती ऐकणारा माणूस नाटकगृहात नसून आपल्या खोलीत असतो. गाणारा यंत्राच्या जवळ आणि ऐकणारा यंत्राच्या जवळ; मधले मैदान नाहीसे झाले. जात्यावरच्या ओवीतली जवळीक आता शेकडो कोसांवर पाठविता येणे शक्य झाले. अमेरिकेत याच काळात हळू, कानाशी गायिल्यासारखी गाण्याची पद्धत लोकप्रिय झाली, ती याच कारणाने. मराठीत त्या यंत्राला साजेसे गाणे हवे होते, आणि ते भावगीताच्या रूपाने मिळाले.

आपल्या जिल्ह्यातील रिसोडच्या वायव्येस, पैनगंगेच्या काठी मेहकर हे गाव आहे. बुलढाणा जिल्ह्यातले हे तालुक्याचे ठिकाण. हीच पैनगंगा पुढे आपल्या वाशीम जिल्ह्यात येते. या मेहकरात न. घ. देशपांडे (१९०९–२०००) नावाचे कवी राहत. व्यवसायाने वकील. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर, कोर्टकचेरीचे काम सांभाळून ते कविता लिहीत. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या हाती आली. जोशी नागपूरकडचे, तेही वकिलीचे शिक्षण घेतलेले, आणि गळ्याचे फार गोड. त्यांनी तिला स्वतः चाल लावली आणि स्वतःच ती गायिली. १९३० च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती गाजली. मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रिकांची कथा सांगताना साधारणतः येथूनच आरंभ करतात. पुढे जोशी 'हिज मास्टर्स व्हॉइस' या कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि अनेक थोर कलावंतांचे गाणे त्यांनी तबकड्यांवर आणले.

त्या कवितेत आहे काय? रानात घुमणारी एक शीळ आणि ती ऐकून मनात उठलेली हुरहूर, एवढाच विषय. कथानक नाही, उपदेश नाही, पुराणातला प्रसंग नाही. नाट्यपदाला नाटकाचा आधार असतो. प्रसंग कोणता, पात्र कोण, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. अभंगाला विठ्ठलाचा आधार असतो. या गाण्याला तसा कोणताही आधार नव्हता. एका माणसाच्या मनातली एक लहर, आणि ती सांगायला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. कारण ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर त्याहून अधिक मावत नसे. तेवढ्यात गायकाने ताना-पलटे घेत बसावे तर कविता राहून जाईल. म्हणून शब्द स्पष्ट, चाल आटोपशीर, साथ मोजकी. यंत्राने घातलेली मर्यादा भावगीताने आपली रीत म्हणून स्वीकारली.

यातली आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या लहान गावच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. 'शीळ' हे गाणे घरोघर पोहोचले तेव्हा या कवीचा एकही संग्रह निघालेला नव्हता. 'शीळ' याच नावाचा त्यांचा पहिला संग्रह १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ त्यांची ओळख पुस्तकाने नव्हे तर गाण्याने टिकविली. पुढे त्यांच्या 'खूणगाठी' या संग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मेहकरसारख्या गावातून निघालेली कविता मोठ्या शहराच्या संमतीची वाट न पाहता महाराष्ट्रभर गेली, ती एका गळ्याच्या आणि एका तबकडीच्या जोरावर.

भावगीत पुढे वाढले. गजाननराव वाटवे (१९१७–२००९) यांनी कवितांना स्वतः चाली लावून आणि स्वतः गाऊन हा प्रकार गावोगावच्या गणेशोत्सवांत नेला. आकाशवाणीने त्याला घराघरांत स्थान दिले. त्याबरोबरच भावगीतातली साथही वाढत गेली. व्हायोलिनचे ताफे आले, बासरी, सतार, मेंडोलिन आले. त्यातून अनेक अविस्मरणीय गाणी निर्माण झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बहुतेक ठिकाणी कवी एक, संगीतकार दुसरा आणि गायक तिसरा अशी वाटणी कायम झाली. ज्याच्या मनातली गोष्ट त्यानेच आपल्या आवाजात सांगावी, ही जात्यावरची जुनी रीत मागे पडली. ती पुन्हा ठळकपणे दिसली ती संदीप खरे यांच्या गाण्यांत. २००३ पासून सलील कुलकर्णी यांच्यासह त्यांनी रंगविलेला 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. त्यात कवी स्वतः आपली कविता म्हणतो आणि गातो. त्यांचा आवाज हा कसलेल्या गवयाचा आवाज नव्हे, आणि श्रोत्यांनी तो नेमका त्यासाठीच आपला मानला.

आता थोडे परदेशाकडे वळू. तेथे ध्वनिमुद्रणाची साधने आपल्याहून कितीतरी संपन्न असताना काही गायकांनी ती हेतुपुरस्सर बाजूला ठेवली. त्यांनी असे का केले, हे पाहिले म्हणजे थोड्या साथीचे मर्म अधिक स्पष्ट होते.

इंग्लंडमधील निक ड्रेक (१९४८–१९७४) याच्या पहिल्या दोन संग्रहांत तंतुवाद्यांची व इतर वाद्यांची साथ होती. ते फारसे खपले नाहीत. तिसरा संग्रह 'पिंक मून' त्याने ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या एका स्टुडिओत दोन रात्रींत मुद्रित केला. तेथे तो आणि ध्वनिमुद्रक जॉन वूड असे दोघेच होते. अकरा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आतली. साथीला त्याचे गिटार. शीर्षकाच्या गाण्यात पियानोचे चार सूर तेवढे मागाहून घातले आहेत. तो निरनिराळ्या गाण्यांसाठी गिटारच्या तारा निरनिराळ्या सुरांत लावी. आपल्याकडे राग पाहून तानपुऱ्याची पहिली तार पंचमात किंवा मध्यमात लावतात, त्याची येथे आठवण व्हावी. तारा बदलल्या की वाद्याचा सारा आसमंतच बदलतो. १९७२ साली हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याच्या हयातीत तो थोड्याच लोकांनी ऐकला. पुढे सुमारे पाव शतकाने एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचे शीर्षकगीत वाजले आणि नव्या पिढीने तो शोधून काढला.

अमेरिकेतील ब्रूस स्प्रिंगस्टीन याची कथा याहून निराळी. तो तेव्हा प्रसिद्धीच्या शिखरावर होता. हजारोंच्या सभा गाजविणारा त्याचा वाद्यवृंद होता. जानेवारी १९८२ मध्ये त्याने आपल्या घरातील एका खोलीत, साध्या कॅसेटवर चालणाऱ्या चार पदरी यंत्रावर काही गाणी मुद्रित केली. वाद्यवृंदाला चाली समजाव्यात, एवढाच त्याचा हेतू होता. नंतर स्टुडिओत वाद्यवृंदासह ती गाणी पुन्हा वाजवून पाहिली, पण खोलीत जे उतरले होते ते तेथे येईना. अखेर त्याने ती घरची कॅसेटच संग्रह म्हणून प्रसिद्ध केली. 'नेब्रास्का' या नावाने ती सप्टेंबर १९८२ मध्ये निघाली. त्या गाण्यांत नोकरी गेलेली, कर्जात बुडालेली, गुन्ह्याकडे वळलेली साधी माणसे आहेत. अशा माणसाचे मनोगत मोठ्या वाद्यवृंदाच्या गजरात कोणाला ऐकू जाईल?

तिसरे उदाहरण अलीकडचे. जस्टिन व्हर्नन नावाचा तरुण २००६ च्या हिवाळ्यात, आजारपण आणि ताटातूट मागे टाकून विस्कॉन्सिन राज्यातील रानात आपल्या वडिलांच्या लाकडी झोपडीत जाऊन राहिला. तेथे त्याने एकट्याने जी गाणी रचली आणि मुद्रित केली, ती 'बॉन इव्हेर' या नावाने 'फॉर एमा, फॉरेव्हर अगो' या संग्रहात आली. २००७ मध्ये त्याने तो स्वतःच काढला, आणि पुढच्या वर्षी एका स्वतंत्र कंपनीने तो सर्वत्र पोहोचविला. आजचे 'इंडी फोक' म्हणताना ज्या संग्रहांची नावे प्रथम घेतली जातात, त्यांपैकी हा एक.

या तिन्ही उदाहरणांत यंत्रे वेगळी, देश वेगळे, काळ वेगळे. तरी एक सूत्र समान आहे. साथ कमी केली की गाण्यात नेमके काय घडते, ते आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट शब्दांची. दहा वाद्ये वाजत असतील तर एखादी ओळ सामान्य असली तरी खपून जाते. श्रोता ठेक्यावर डोलत असतो. एकाच वाद्यावर मात्र प्रत्येक शब्द उघडा पडतो. भरतीचा शब्द, यमकासाठी ओढून आणलेला शब्द लगेच कानाला खटकतो. म्हणून या जातीची गाणी लिहिणाऱ्याला कवीइतकाच कसून विचार करावा लागतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. येथे गळा तयारीचा असण्यापेक्षा खरा असावा लागतो. श्वास घेतल्याचा आवाज, गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याची कर्र, एखाद्या शब्दावर किंचित कापलेला सूर, हे सारे मुद्रणात राहते आणि ते राहू देतात. त्यावरूनच ऐकणाऱ्याला कळते की समोर माणूस आहे. अर्थात बेसूर गाण्याला ही सबब चालत नाही. उलट, आधाराला दुसरे काहीच नसल्यामुळे सुराची जबाबदारी वाढते.

तिसरी गोष्ट शांततेची. दोन ओळींमध्ये वाद्ये भरली नाहीत तर तेथे मोकळी जागा राहते. त्या जागेत ऐकणारा आपल्या आठवणी घालतो. जात्यावर ओवीची एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत जी नुसती घरघर चाले, तिचे काम हेच होते.

चौथी गोष्ट लयीची. एकटा गाणारा आपली लय आपल्या मनाप्रमाणे किंचित ओढू शकतो, एखाद्या शब्दापाशी थांबू शकतो. यंत्राच्या ठरावीक ठेक्यावर, अगोदरच मुद्रित असलेल्या साथीवर गाताना ही मोकळीक राहत नाही. स्नेहसंमेलनात तयार साथीवर गाणाऱ्या आपल्या मित्रांना याचा अनुभव असेल. साथ पुढे पळते आणि गायक तिच्यामागे धावतो.

येथे एक शंका निघण्यासारखी आहे. एकट्याने खोलीत बसून हळू आवाजात गायिलेले गाणे हे आत्मरंजन नव्हे काय? ज्या जिल्ह्यात शेतकरी सोयाबीनच्या भावाकडे आणि आभाळाकडे डोळे लावून बसला आहे, जेथली तरुण पोरे पदवी घेऊन पुण्याची गाडी पकडतात, तेथे असल्या नाजूक गाण्याचे प्रयोजन काय? शंका रास्त आहे. समूहाने म्हणावयाच्या गाण्याची गरज समाजाला नेहमीच राहील, आणि शाहिरांनी, लोककवींनी ती भागविलीही आहे. परंतु माणसाच्या काही गोष्टी घोषणेत मावत नाहीत. बाप कर्जाविषयी घरात एक अक्षर बोलत नाही, ते न बोलणे. आईने मंगळसूत्र गहाण ठेवले आणि मुलाने ते पाहिले, ते पाहणे. बहिणीचे शिक्षण थांबले आणि तिने तक्रार केली नाही, ते सोसणे. अशा गोष्टी समूहगीतात आल्या की त्यांचा विषय होतो, माणूस उरत नाही. त्या एकट्या आवाजातच सांगाव्या लागतात. ओव्यांतल्या बायांनी हेच केले, आणि 'नेब्रास्का'तल्या गाण्यांनीही हेच केले. हळू आवाज भित्रेपणाचाच असतो असे नाही. जे मोठ्याने बोलता येत नाही ते बोलण्याचे धैर्यही त्यात असू शकते.

मग आपल्याकडे अशी गाणी का निघत नाहीत? साधनांची अडचण आता उरलेली नाही. स्प्रिंगस्टीनच्या त्या यंत्राहून अधिक पदर मुद्रित करू शकणारा मोबाईल आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे. खोलीतला पंखा बंद करावा, दारे-खिडक्यांवर जाड गोधड्या टाकाव्यात म्हणजे आवाज भिंतींवर आपटून घुमत नाही, मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा आणि रात्री गाव निजल्यावर एका दमात गाणे म्हणावे. गिटार नसेल तर पेटी, पेटी नसेल तर एकतारी किंवा खंजिरी. तीही नसेल तर ओवीला काय होते?

अडचण आहे ती भाषेची. आपण घरात, शेतात, एस.टी.त वऱ्हाडी बोलतो आणि गाणे लिहावयास बसलो की चित्रपटातली हिंदी किंवा पुस्तकातली मराठी लिहितो. आपल्या बोलीतला शब्द गाण्यात आला तर लोक हसतील, अशी धास्ती मनात असते. वऱ्हाडी म्हणजे विनोदाची भाषा, अशी एक समजूत रंगमंचाने करून दिली आहे आणि आपणही ती मुकाट्याने मान्य केली आहे. खरे पाहता, उद्धव शेळके यांनी 'धग' ही कादंबरी १९६० मध्ये लिहिली तेव्हाच वऱ्हाडी बोलीत केवढे दुःख मावते हे सिद्ध झाले होते. बहिणाबाईंनी तर आपल्या बोलीवाचून दुसरी भाषा वापरलीच नाही. थोड्या साथीच्या गाण्यात शब्द उघडा पडतो, असे वर म्हटले. उसना शब्द तर सर्वांत आधी उघडा पडतो. ज्या भाषेत आपण आईशी बोलतो त्या भाषेत गाणे लिहिल्याखेरीज हा प्रकार आपल्याला साधणार नाही.

म्हणून या लेखाच्या अखेरीस एक साधी सूचना करावीशी वाटते. स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमात अर्धा तास अशा गाण्यांसाठी राखून ठेवावा. अट एवढीच असावी की गाणे गाणाऱ्याने स्वतः लिहिलेले असावे, वाद्य फार तर एक असावे आणि तयार साथ लावू नये. पहिल्या वर्षी दोघे-तिघेच पुढे येतील, मागच्या रांगांतून शिट्ट्याही वाजतील. तरी ते चालू ठेवावे. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी तिच्या ओव्या आधी मोबाईलवर उतरून घ्याव्यात. त्या ऐकता ऐकताच आपले गाणे कसे बांधावे हे बरेचसे उमगेल. पैनगंगेच्या काठच्या एका वकिलाची कविता नव्वदांहून अधिक वर्षांपूर्वी एका तबकडीवरून साऱ्या महाराष्ट्रात गेली. तिच्या आजच्या खोऱ्यातल्या मुलामुलींपाशी सांगण्यासारखे काही नाही, असे मानावयास कोणतेही कारण दिसत नाही.